कंपनीचे नाणे की नाण्यासारखे पदक?

विज्ञान-तंत्रज्ञानातल्या कंपन्यांनी पन्नाशी किंवा शंभरी गाठली की चांदीचा एखादा संच निघतो. एका बाजूला बोधचिन्ह आणि स्थापनेचे वर्ष, दुसऱ्या बाजूला कंपनीचा गाजलेला शोध: रेणूची रचना, पहिले यंत्र, पहिला दिवा. मखमली पेटीवर ‘स्मारक नाणी’ असे छापलेले असते. घोळ आहे तो त्यातल्या दुसऱ्या शब्दात.

कायद्याच्या लेखी नाणे म्हणजे सरकारच्या अधिकाराने पाडलेला आणि देणे फेडायला मान्य असलेला धातूचा तुकडा. तो अधिकार नसेल, तर कितीही शुद्ध चांदी असो, ते पदक. टोकन याहून वेगळे, कारण त्यामागे ते काढणाऱ्याचे पैसे चुकते करण्याचे वचन असते. चांदीचे व्यापारी आणखी एक शब्द वापरतात, ‘राउंड’: नाण्याच्या आकाराची, पण दर्शनी मूल्य नसलेली चांदी. संग्राहक बोलताना या सगळ्यांना सर्रास नाणेच म्हणतात आणि विक्रेत्यांना ते सोयीचे पडते.

गंमत अशी, की कंपन्यांनी एके काळी खरोखरच चलन काढले होते. ब्रिटनमध्ये सुट्या पैशांची टंचाई होती, तेव्हा 1787 मध्ये अँगलसी बेटावरच्या एका तांब्याच्या खाणकंपनीने स्वतःची पेनी पाडली. धारकाला एक पेनी देण्याचे वचन तिच्यावर कोरलेले होते आणि ती कुठल्या शहरांत वटेल ते कडेवर. पाठोपाठ असंख्य व्यापाऱ्यांनी तेच केले. 1811-12 मध्ये खासगी चांदीची टोकनेही आली. ब्रिटनने 1817 मध्ये कायदा करून हा प्रकार मोडीत काढला, तर अमेरिकेने 1864 मध्ये चलन म्हणून खासगी नाणी पाडण्यास मनाई केली.

त्यानंतर उरल्या दोन वाटा: पदक काढा, नाहीतर सरकारला नाणे काढायला लावा. दोहोंतला फरक 1925 मध्ये अमेरिकेत चांगलाच दिसला. नॉर्वेहून आलेल्या स्थलांतरितांच्या शताब्दीसाठी नाणे मागितले तर विरोध होईल, हे ओळखून पुरस्कर्त्यांनी पदकावर समाधान मानले. सरकारी टाकसाळीतच पाडलेले ते चांदीचे अष्टकोनी पदक आजही नाण्यांच्या बरोबरीने संग्रहांत ठेवले जाते.

दुसरी वाट किती निसरडी, ते 1936 मध्ये कळले. ‘संगीताचे केंद्र’ म्हणून सिनसिनाटी शहराच्या पन्नाशीसाठी अर्ध्या डॉलरची चांदीची नाणी निघाली. त्यांवर 1886 हे वर्ष आहे. त्या वर्षी तिथल्या संगीतात साजरे करावे असे काही घडलेच नव्हते. तीन टाकसाळींतून प्रत्येकी जेमतेम 5,000 नाणी आणि वितरण एका खासगी समितीच्या हाती. भाव कुणी चढवले, हे वेगळे सांगायला नको. जुन्या पद्धतीची ही स्मारक नाणी 1954 नंतर थांबली, ती थेट 1982 मध्ये परतली.

मधल्या काळात पदकांचे पेव फुटले. 1965 मध्ये अमेरिकेने दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतून चांदी काढून टाकली. खिशातली चांदी गेली, तशी पेटीतल्या चांदीची हौस वाढली आणि खासगी टाकसाळींनी ती भागवली. वर्गणीदारांना दरमहा एक पदक, कंपन्यांसाठी खास संच, वर प्रमाणपत्र. जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला 50 डॉलरच्या आसपास गेली आणि ही पदके ढिगांनी वितळवली गेली. त्यामुळे प्रमाणपत्रावरची संख्या ‘किती पाडली’ एवढेच सांगते; ‘किती उरली’ हा प्रश्न निराळा.

अलीकडची पळवाट जास्त चतुर आहे. पॅसिफिकमधली नियूसारखी छोटी बेटे परवान्यावर आपल्या नावाने नाणी काढू देतात. दर्शनी मूल्य एक-दोन डॉलर, विक्री कित्येक पटींनी महाग, आणि बेटावरच्या दुकानात ते नाणे कधी दिसायचे नाही. कायद्याने ते नाणे आहे, हे मान्य. पण राज्याची मोहर अशी भाड्याने मिळू लागली, तर खासगी ब्रँड आणि सार्वजनिक सन्मान यांतली रेघ पुसट होते. त्यापेक्षा साधे पदक अधिक प्रामाणिक वाटते.

नावीन्य धातूतच उतरवायचा मार्गही आहे. ऑस्ट्रिया 2003 पासून 25 युरोची नाणी काढते: कडे चांदीचे, गाभा नायोबियम या धातूचा. विजेच्या साहाय्याने नायोबियमवर ऑक्साइडचा थर चढवतात आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग बदलतो. रंगद्रव्य लागतच नाही. 2004 मध्ये सेमरिंगच्या डोंगरी रेल्वेला 150 वर्षे झाली, त्या नाण्याचा गाभा हिरवा आहे.