कातळशिल्पांतील प्राणिरूपे (कोकण)

कोकण किनाऱ्यालगतच्या जांभ्याच्या सड्यांवर (उघड्या, सपाट कातळ-पठारांवर) खोदलेल्या प्रागैतिहासिक आकृतींपैकी पशू, पक्षी, मासे, सरपटणारे जीव आणि ओळख न पटलेले प्राणी यांच्या आकृतींना ही संज्ञा लावली जाते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे आणि गोव्याचा काही भाग यांत अशा आकृती विखुरलेल्या आहेत. मानवाकृती, भौमितिक रचना व प्राणिरूपे मिळून आजवर नोंदलेल्या आकृतींची संख्या हजारावर जाते. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा तात्पुरत्या यादीत कोकणातील नऊ स्थळांचा समावेश झाला. त्यांपैकी कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण व उक्षी ही सात रत्नागिरी जिल्ह्यात, कुडोपी सिंधुदुर्गात आणि फणसामाळ (उसगाळीमळ) गोव्यात आहे.

संज्ञेबाबत एकमत नाही. ‘कातळशिल्प’ हा शब्द रूढ झाला असला, तरी त्रिमित मूर्तिकाम येथे क्वचितच असल्याने काही अभ्यासक ‘कातळ-खोद-चित्र’ ही संज्ञा वापरतात व ती अधिक नेमकी आहे. युनेस्कोच्या नोंदीत भूपृष्ठावरील चित्र या अर्थाची संज्ञा आहे. उभ्या भिंतीवर वा गुहेत नव्हे, तर पायाखालच्या आडव्या भुईवर चित्र असणे हा या परंपरेचा विशेष तीत अधोरेखित होतो. सड्यालगतच्या गावांत अशा खोदकामांना ‘पांडवांनी एका रात्रीत केलेले’ म्हणण्याची पद्धत आहे. कोकणात कर्ता माहीत नसलेले कोणतेही जुने काम पांडवांच्याच नावे जमा होते. प्रस्तुत नोंदीत रूढ शब्दच ठेवला आहे.

माध्यम व तंत्र : जांभा हा बेसाल्टसारख्या खडकाचे उष्ण व दमट हवेत दीर्घकाळ अपक्षरण होऊन उरलेला लोह व ॲल्युमिनियमयुक्त खडक. फ्रान्सिस ब्यूकानन याने १८०७ मध्ये केरळातील अंगाडीपुरम येथील खडकावरून त्याला शास्त्रीय नाव दिले. आतला ताजा जांभा तुलनेने मऊ असतो, म्हणून तो चिऱ्यांच्या आकारात कापता येतो. उघड्यावर हवा-उन्हाने तो कठीण होत जातो. सड्याचा वरचा कातळ मात्र मुळातच उघडा व कठीण असल्याने त्यावर काही सेंटिमीटर खोलीची चर पाडणे हे बरेच कष्टाचे काम होते. ते दगडी हत्यारांनी झाले की लोखंडी, हा प्रश्न कालनिर्णयाशी बांधलेला आहे. दगडी हत्यारांनी ठोकून चर पाडणे अशक्य नाही. तथापि शतकानुशतकांच्या पावसाने चरांच्या कडा गोल झाल्या आहेत, त्यामुळे घावांच्या खुणांवरून हत्यार ओळखण्याचा मार्ग बहुतेक ठिकाणी बंद झाला आहे. आकृती दोन पद्धतींनी येतात : केवळ बाह्यरेषा कोरून, किंवा अंगाचा आतला वा भोवतालचा भाग खोलवून उठाव देऊन.

प्रमुख प्राणिरूपे : कशेळी (ता. राजापूर) येथील हत्ती सुमारे १८ मी. लांब व १३ मी. रुंद असून त्याच्या देहरेषेच्या आत जलचर व भूचर प्राण्यांच्या अनेक लहान आकृती कोरल्या आहेत. सड्यावर उभे राहिल्यास तो हत्ती म्हणून नजरेत भरत नाही. उंचावरून पाहिल्यावरच सोंड व पाठ यांचा मेळ लागतो. खोदणाऱ्याला ती उंची कशी मिळाली, याविषयी पुष्कळ तर्क झाले आहेत. पाय वा दोरी यांनी मापे घेऊन मोठी आकृती आखणे कोणत्याही मांडव घालणाऱ्याला जमते, एवढे येथे नमूद करणे पुरेसे आहे. उक्षी (ता. रत्नागिरी) येथील हत्ती जवळजवळ खऱ्या हत्तीच्या मापाचा आहे. बारसू येथे एका मानवाकृतीच्या दोन्ही बाजूंना वाघांसारखे प्राणी आहेत. या रचनेची तुलना सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील दोन वाघांना थोपवणाऱ्या पुरुषाशी केली जाते. मात्र दोन पशूंच्या मधोमध माणूस ही कल्पना पश्चिम आशियातही दूरवर आढळते. तेवढ्या साम्यावरून संपर्क सिद्ध होत नाही. जांभरुण येथे पशू, पक्षी व मासे एकाच पटावर दाटीने आहेत. फणसामाळ येथील वशिंड असलेले बैल वेगळ्या धाटणीचे असून सर्व स्थळे एकाच परंपरेत गोवावीत का, याविषयी शंका आहे.

गेंडा व पाणघोडा यांचा प्रश्न : कोकणात आज नसलेल्या प्राण्यांच्या आकृतींनी या विषयाला सर्वाधिक प्रसिद्धी दिली. काही आकृती एकशिंगी गेंड्याच्या, तर काही पाणघोड्याच्या मानल्या जातात. राज्य पुरातत्त्व विभागाचे तत्कालीन संचालक तेजस गर्गे यांनी शिकारीच्या प्राण्यांचे प्राबल्य व शेतीच्या चित्रणाचा अभाव यांवरून या कलेचा आरंभ इ. स. पू. सुमारे १०,००० इतका मागे असण्याची शक्यता मांडली. इतर काही अभ्यासक ती मध्याश्मयुगापासून (जुने व नवे अश्मयुग यांमधल्या काळापासून) आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत टप्प्याटप्प्याने घडली असे मानतात. या दोन्ही प्राण्यांचे पुराव्याच्या दृष्टीने वजन सारखे नाही, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

गेंडा भारतात फार अलीकडेपर्यंत पश्चिमेकडे होता. गुजरातमधील लांघणज येथील मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याचे खांद्याचे हाड मिळाले आहे आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर तो ठसठशीत कोरलेला आहे. भीमबेटका येथील चित्रांतही तो येतो. म्हणजे कोकणातील एखादी आकृती निर्विवाद गेंड्याची ठरली, तरी ती बारा हजार वर्षांपूर्वीची असू शकते तशीच चार हजार वर्षांपूर्वीचीही असू शकते. काळ ठरवण्याचे साधन म्हणून गेंडा फारच सैल आहे.

पाणघोड्याचे तसे नाही. भारतीय पाणघोडा (हेक्झाप्रोटोडॉन प्रजाती) शिवालिक, नर्मदा व गोदावरीच्या खोऱ्यांतील जीवाश्मांवरून परिचित आहे. तो हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यात नाहीसा झाला. त्याचे उशिरात उशिराचे अवशेष सुमारे १६,००० वर्षांपूर्वीचे मानले जातात. म्हणून एखाद्या आकृतीतील पाणघोडा खात्रीने ओळखता आला, तर ती आकृती विलक्षण जुनी ठरेल. अडचण ओळखण्याचीच आहे. पाणघोड्याची निश्चित खूण म्हणजे जबडा व सुळे. बाह्यरेषेच्या चित्रात ते क्वचितच दिसतात. उरते ते आखूड पायांचे, जाड अंगाचे चतुष्पाद, आणि तेवढ्यावर रानडुक्करही बसते. सारांश, ओळखता येणारा प्राणी काळ सांगत नाही आणि काळ सांगू शकणारा प्राणी ओळखता येत नाही. हाडांचा आधार मिळण्याची आशाही कमीच, कारण जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडे सहसा टिकत नाहीत. त्यामुळे कोकणात अवशेष नाहीत म्हणून प्राणीही नव्हते, असे म्हणता येत नाही.

शेतीच्या अभावाचा मुद्दाही जपून घ्यावा लागतो. सड्यावर माती मुळातच नाममात्र. नांगर जिथे चालत नाही तिथे नांगराचे चित्र नसणे स्वाभाविक आहे. खाली शेती व वर शिकार, असे दोन्ही व्यवहार एकाच काळात चालू राहिल्याची उदाहरणे सह्याद्रीच्या परिसरात अगदी अलीकडचीही आहेत.

थेट कालमापनाचे उपाय तोकडे आहेत. रंग वा कोळसा नसल्याने कार्बन पद्धत लागू पडत नाही. खनिजकणांवर शेवटचा प्रकाश केव्हा पडला ते मोजणाऱ्या प्रकाशदीप्ती पद्धतीला लागणारे क्वार्ट्झचे कण बेसाल्टजन्य जांभ्यात जवळपास नसतात. सिंधुदुर्गातील कोळोशी येथील गुहेच्या उत्खननात दगडी हत्यारे मिळाली असून किनाऱ्यालगत अश्मयुगीन मानव वावरत होता, याला त्यामुळे बळकटी आली आहे. पण गुहेतील माणसाने सड्यावरची चित्रे खोदली, हा दुवा अजून जोडायचा आहे. देवाचे गोठणे येथे मानवाकृतीपाशी होकायंत्राची सुई दिशा चुकते. लोहयुक्त कातळावर वीज पडल्यानेही असे होऊ शकते. कालनिर्णयाला त्याचा उपयोग नाही.

सागरी प्राणी व किनारारेषा : पाणघोड्याच्या तुलनेत माशांच्या आकृतींकडे कमी लक्ष गेले आहे. रुंद चपटे अंग व लांब बारीक शेपूट असलेली पाकटासारखी आकृती, मुशीसारखे निमुळते मासे, कासवे हे प्रकार अनेक सड्यांवर आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मी. खाली होती व किनारा बराच पश्चिमेला होता. पाणी चढत चढत आजच्या पातळीच्या आसपास पोचले ते साधारण ७,००० ते ६,००० वर्षांपूर्वी. पाकट हा खाऱ्या व मचूळ पाण्यातला, वाळूत अंग पुरून बसणारा मासा. त्याचा आकार इतका नेमका कोरणाऱ्याने तो वारंवार उलटासुलटा पाहिलेला असला पाहिजे. त्यामुळे निदान सागरी आकृतींचा मोठा भाग समुद्र सड्यांच्या पायथ्याशी आल्यानंतरचा असावा, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात लोक किनाऱ्याहून ये-जा करत असतील, तर हा युक्तिवाद काहीसा ढिला पडतो.

ओळख न पटलेल्या आकृती व आजचे प्राणिजीवन : ‘अज्ञात प्राणी’ म्हणून नोंदलेल्या आकृतींचा अर्थ लावताना नामशेष पशूंच्या आधी आजच्या किनाऱ्याकडे पाहणे श्रेयस्कर. खारवी, गाबीत वा दालदी मच्छीमाराला ज्यात नवल वाटत नाही, ते शहरी अभ्यासकाला अद्भुत दिसते. खाडीच्या चिखलात परांवर उड्या मारणारी निवटी, डिवचल्यावर फुग्यासारखा होणारा केंड, सापासारखी वाम ही उदाहरणे रोजच्या जाळ्यातली आहेत. सड्यालगतच्या रानात खवले मांजर आहे. धोका दिसताच ते अंगाची गुंडाळी करते व मग त्याला डोके-शेपूट उरत नाही. मातीत राहणारे, पाय नसलेले उभयचर देवगांडूळ सर्वसामान्यपणे गांडूळ वा साप म्हणून मारले जाते. त्याची गेजेनिओफिस शेषाचारी ही जाती रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले येथून २००३ मध्ये वर्णिली गेली. त्याच गावच्या परिसरातून १९६३ मध्ये ग्रँडिसन व सोमण यांनी पांढऱ्या पट्ट्यांची एक लहान पाल नोंदवली होती. ती सड्यावरच्या सुट्या दगडांखाली राहते. वनस्पतींत दिपकाडी ही कोकणापुरती मर्यादित जाती पावसाच्या आरंभी सड्यावर फुलते. ओसाड म्हणून महसुली दप्तरात पडून असलेल्या जमिनीवरची ही यादी आहे.

हत्तीचा अनुभवही बोलका आहे. कोकणात रानटी हत्ती नव्हते, अशी समजूत असताना २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग भागात उतरले व तेथे वावरू लागले. एखादा प्राणी आज दिसत नाही म्हणून चित्रकाराने तो दूरदेशी पाहिला असावा, या तर्काला यामुळे मर्यादा पडते.

संकलन : देवीहसोळसारखी मंदिरालगतची खोदकामे ग्रामस्थांना पूर्वीपासून ठाऊक होती. पद्धतशीर शोध गेल्या तीन दशकांतला. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी आणि रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायी धुंडाळून बहुसंख्य आकृती नोंदल्या. गुराखी व म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी हे यातले मुख्य साधन होते. गवत वाळल्यावर माती झाडून चरा मोकळ्या करणे, मापे घेणे, आराखडा काढणे व उंचावरून छायाचित्र घेणे असा क्रम असतो. अलीकडे ड्रोनमुळे शेवटची पायरी सोपी झाली. छायाचित्रासाठी चरांत चुना वा रंग भरण्याची सवय मात्र घातक आहे. पुढच्या निरीक्षकाला मग मूळ रेषेऐवजी आधीच्याने लावलेला अर्थ दिसतो. अनेक ‘पाणघोडे’ असेच पक्के झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

संरक्षण : चिरेखाणी, रस्ते, आंब्याच्या कलमांसाठी सड्यावर पसरली जाणारी माती आणि वणवे ही नुकसानीची मुख्य कारणे आहेत. बहुतांश आकृती खासगी जमिनींवर आहेत. उक्षी येथे ग्रामस्थांच्या पुढाकाराने हत्तीभोवती गोलाकार कठडा बांधण्यात आला. २०२३ मध्ये बारसू परिसरातील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणाला विरोध झाला, तेव्हा येथील कातळशिल्पांचा प्रश्न राज्यभर पोचला.