युनूस कानूनी

कानूनी, महंमद युनूस : (जन्म १९५७). अफगाणिस्तानातील मुजाहिदीन नेते, २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील प्रमुख विरोधी उमेदवार, २००५ ते २०१० या काळात संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे (वोलेसी जिरगा) अध्यक्ष आणि २०१४ मध्ये काही महिने देशाचे प्रथम उपाध्यक्ष. जन्म काबूलच्या उत्तरेकडील पंजशीर खोऱ्यातील ताजिक कुटुंबात. काबूल विद्यापीठात त्यांनी इस्लामी कायद्याचे शिक्षण घेतले. बंदूक खाली ठेवून मतपेटीकडे वळलेल्या अफगाण पिढीचा विचार करताना त्यांचे नाव टाळता येत नाही. त्या पिढीचे यश आणि तिच्या मर्यादा, दोन्ही त्यांच्या कारकिर्दीत दिसतात.

सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात उतरल्या. पंजशीरमध्ये अहमद शाह मसूद यांनी उभ्या केलेल्या प्रतिकारात कानूनी सामील झाले. हे दल बुऱ्हानुद्दीन रब्बानी यांच्या जमियत-ए-इस्लामी या पक्षाच्या छत्राखाली लढत होते. कानूनी यांचा पिंड मुळात वाटाघाटी, संघटन आणि भाषण यांचा. मसूद यांच्या गोटात लष्करी सेनापती म्हणून महंमद कासिम फहीम, परराष्ट्र संपर्कासाठी डॉ. अब्दुल्ला अब्दुल्ला आणि राजकीय बोलणी करणारे कानूनी अशी कामाची वाटणी होत गेली. पुढे याच तिघांनी मसूद यांचा वारसा चालवला.

सोव्हिएत पाठिंब्यावर आलेले नजीबुल्ला सरकार एप्रिल १९९२ मध्ये कोसळले आणि मुजाहिदीन गट काबूलमध्ये शिरले. त्यानंतरची चार वर्षे काबूलकरांसाठी भयानक होती. विजयी गट एकमेकांवर तुटून पडले, शहराचे मोहल्लेच्या मोहल्ले तोफांनी आणि रॉकेटांनी जमीनदोस्त झाले, हजारो नागरिक मारले गेले. रब्बानी सरकारमध्ये कानूनी यांच्याकडे संरक्षण खात्याची जबाबदारी होती. १९९३ मध्ये मोटारीतील बॉम्बच्या स्फोटात ते गंभीर जखमी झाले. या यादवीत जमियतसह जवळजवळ प्रत्येक गटाच्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची नोंद मानवी हक्क संघटनांनी केली आहे. कानूनी यांच्या पुढच्या संसदीय कारकिर्दीचे मूल्यमापन करताना हा काळ बाजूला ठेवता येणार नाही, कारण काबूलच्या मतदारांनीही तो बाजूला ठेवलेला नव्हता.

तालिबानने सप्टेंबर १९९६ मध्ये काबूल घेतल्यावर विरोधी गटांनी जी संयुक्त आघाडी उभारली (उत्तरी आघाडी या नावाने ती जगाला माहीत झाली), तिच्या बांधणीत कानूनी यांचा मोठा वाटा होता. ९ सप्टेंबर २००१ रोजी मसूद यांची हत्या झाली. दोनच दिवसांनी अमेरिकेवर हल्ला झाला आणि १३ नोव्हेंबरला आघाडीच्या फौजा काबूलमध्ये पोहोचल्या.

त्याच महिन्याच्या अखेरीस जर्मनीत बॉनजवळ पीटर्सबर्ग येथे संयुक्त राष्ट्रांनी बोलावलेल्या परिषदेत आघाडीच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व कानूनी यांनी केले. राजधानी त्यांच्या लोकांच्या ताब्यात होती, त्यामुळे पटावरची सर्वांत भक्कम बाजू त्यांची होती. पण त्यांचे स्वतःचे अध्यक्ष रब्बानी मात्र काबूलमध्ये बसून मंत्र्यांची यादी द्यायला तयार नव्हते. परिषद अडली ती खातेवाटपावर. २४ पैकी १८ खाती आघाडीला हवी होती आणि रात्र उलटून गेली तरी कानूनी हटत नव्हते. अमेरिकेचे प्रतिनिधी जेम्स डॉबिन्स यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, अखेर इराणचे प्रतिनिधी जवाद झरीफ उठले, कानूनी यांना खोलीच्या कोपऱ्यात घेऊन गेले आणि जेमतेम मिनिटभर त्यांच्याशी हळू आवाजात बोलले. परत येऊन कानूनी यांनी दोन खाती सोडण्याचे मान्य केले. ५ डिसेंबरला करारावर सह्या झाल्या. रब्बानी यांना बाजूला सारून हमीद करझाई या पश्तून नेत्याच्या हाती सत्ता देण्यास आघाडीच्या नव्या पिढीने संमती दिली, हे या कराराचे मर्म. मोबदल्यात संरक्षण (फहीम), परराष्ट्र (अब्दुल्ला) आणि गृह (कानूनी) ही तिन्ही वजनदार खाती पंजशीरच्या माणसांकडे गेली. एका खोऱ्याकडे एवढी सत्ता एकवटल्याचा राग इतर समाजांत, विशेषतः पश्तूनांत, धुमसत राहिला.

जून २००२ च्या लोया जिरगात (देशभरातील प्रतिनिधींच्या महासभेत) कानूनी यांनी वांशिक तोल साधावा म्हणून गृहखाते सोडले. त्यांच्या जागी वयोवृद्ध पश्तून नेते ताज महंमद वर्दक आले, तेव्हा खात्यातील पंजशीरी पोलिसांनी रस्ते अडवून निषेध केला. कानूनी यांना शिक्षण खाते मिळाले आणि ते त्यांनी काहीशा नाराजीने घेतले. तालिबानच्या काळात मुलींना शाळा बंद होत्या. आता लाखो मुले-मुली वर्गात परतत होती आणि इमारती, पुस्तके, शिक्षक सगळ्यांचीच टंचाई होती. अशा वेळी हे खाते दुय्यम मानले जावे, हीच त्या सरकारची शोकांतिका म्हणावी लागेल.

जुलै २००४ मध्ये करझाई यांनी उपाध्यक्षपदासाठी फहीम यांना वगळून मसूद यांचे धाकटे बंधू अहमद झिया मसूद यांना सोबत घेतले. त्यावर कानूनी यांनी मंत्रिपदाचा राजीनामा देऊन करझाईंविरुद्ध अर्ज भरला. फहीम आणि अब्दुल्ला यांनी त्यांना पाठिंबा दिला. एका घरातला भाऊ सत्तेच्या बाजूला आणि त्या घराचे जुने साथीदार विरोधात, असे विचित्र चित्र पंजशीरने पाहिले.

९ ऑक्टोबर २००४ चा मतदानाचा दिवस या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा. देशाचा अध्यक्ष थेट मतदानाने निवडण्याची अफगाणिस्तानातील ही पहिलीच वेळ. अनेकांकडे एकापेक्षा जास्त मतदार ओळखपत्रे असल्याने दुबार मतदान रोखण्याची सगळी भिस्त बोटावरच्या शाईवर होती. सकाळीच काही केंद्रांवर ती शाई धुतली जात असल्याचे उघड झाले. मतपत्रिकेवर खूण करायच्या साध्या पेनांनीच मतदारांची बोटे रंगवली गेली होती. दुपारपर्यंत करझाई वगळता बहुतेक उमेदवारांनी बहिष्कार जाहीर केला. त्यात कानूनीही होते. ज्यांच्या मागे हजारो सशस्त्र माणसे उभी राहू शकत होती, अशा नेत्याने निकाल नाकारला असता तर काय झाले असते, याची कल्पना १९९२ पाहिलेल्या कोणालाही करता येईल. संयुक्त राष्ट्रांनी तज्ज्ञांची चौकशी समिती नेमली, कानूनी यांनी बहिष्कार मागे घेतला आणि समितीचा निष्कर्ष मान्य करण्याचे वचन दिले. ते पाळलेही. करझाईंना ५५.४ टक्के मते पडली, कानूनी १६.३ टक्क्यांवर दुसरे आले; महंमद मोहक्किक आणि अब्दुल रशीद दोस्तम त्यांच्या मागे राहिले. एका जुन्या मुजाहिदीन नेत्याने पराभव मान्य करून घरी जाणे, ही त्या देशाच्या राजकारणात मोठी गोष्ट होती आणि तिचे श्रेय त्यांना पुरेसे मिळाले नाही.

नव्या मंत्रिमंडळात स्थान न मिळाल्यावर कानूनी यांनी अफगाणिस्तान-ए-नवीन हा पक्ष चालवला आणि २००५ मध्ये अनेक छोट्या पक्षांची राष्ट्रीय सामंजस्य आघाडी बांधली. पण निवडणूक कायदाच पक्षांच्या मुळावर उठला होता. प्रत्येक प्रांतातून अनेक सदस्य निवडायचे, मतदाराला मात्र एकच मत, आणि मतपत्रिकेवर पक्षाचे नावच नाही! काबूलमध्ये ३३ जागांसाठी शेकडो उमेदवार उभे होते आणि मतपत्रिका अनेक पानांची होती. कानूनी मोहक्किक यांच्याखालोखाल मते मिळवून निवडून आले, पण तीही सुमारे ८ टक्केच. अशा पद्धतीत विरोधी पक्ष नावाची शिस्तबद्ध गोष्ट उभी राहणे जवळजवळ अशक्य होते.

डिसेंबर २००५ मध्ये संसद भरली. कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षपदासाठी कानूनी यांनी दुसरे जुने मुजाहिदीन नेते अब्दुर रब रसूल सय्याफ यांचा १२२ विरुद्ध ११७ मतांनी पराभव केला. निवडून येताच त्यांनी विरोधी आघाडीचे नेतेपद सोडले. त्यांच्या काळात वोलेसी जिरगाने सरकारला अनेकदा धारेवर धरले. २००६ मध्ये करझाईंच्या २५ पैकी ५ मंत्र्यांना सभागृहाने नाकारले. २००७ मध्ये परराष्ट्रमंत्री रंगीन दादफर स्पंता यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर झाला, पण करझाईंनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेऊन मंत्री कायम ठेवला. जानेवारी २०१० मध्ये तर २४ पैकी १७ नावे फेटाळली गेली. नाकारलेले मंत्री ‘काळजीवाहू’ म्हणून खुर्चीवर राहत, त्यामुळे या मतदानांना दात नव्हते. तरीही मंत्र्यांना एकेक करून सभागृहासमोर उभे राहावे लागे, हे अफगाण जनतेला नवीन होते.

याच सभागृहाने २००७ मध्ये यादवीतील सर्व गटांना माफी देणारे विधेयक मंजूर केले. त्याच वर्षी फराह प्रांताच्या तरुण सदस्य मलालाई जोया यांना संसदेची तुलना तबेल्याशी केल्याबद्दल निलंबित करण्यात आले. जोया जुन्या युद्धनेत्यांवर उघड आरोप करीत होत्या. ज्यांना जाब द्यायचा होता तेच सभागृहात बहुमताने बसले होते आणि सभागृहाचे अध्यक्ष म्हणून कानूनी यांनी आपले वजन त्यांच्या विरुद्ध वापरले नाही. कानूनी यांच्या कारकिर्दीवरचा हा सर्वांत गडद डाग आहे.

नव्या संसदेत २०११ च्या सुरुवातीला अध्यक्षपदासाठी कानूनी आणि सय्याफ पुन्हा समोरासमोर आले. कोणालाच बहुमत मिळेना, आठवडे गेले. शेवटी कुंदुझचे उझबेक सदस्य अब्दुल रऊफ इब्राहिमी निवडले गेले. भारताने बांधून दिलेली संसदेची नवी इमारत २०१५ मध्ये खुली झाली. कानूनी यांची अध्यक्षपदाची वर्षे जुन्या इमारतीतच गेली. मार्च २०१४ मध्ये फहीम यांचे निधन झाल्यावर करझाईंनी प्रथम उपाध्यक्ष म्हणून, ज्यांनी एकेकाळी त्यांना आव्हान दिले त्या कानूनी यांनाच निवडले. सप्टेंबरमध्ये अशरफ गनी अध्यक्ष होईपर्यंत ते पदावर होते.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरत असताना कानूनी मोहक्किक, करीम खलिली, सलाहुद्दीन रब्बानी, मसूद यांचे दोघे बंधू आदींसह इस्लामाबादला गेलेल्या शिष्टमंडळात होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला तालिबानने पंजशीर घेतल्याचा दावा केला, त्या वर्षअखेरीस निवडणूक आयोग बरखास्त केला आणि २०२३ मध्ये सर्व राजकीय पक्षांवर बंदी घातली.