युरिन कल्चरचा रिपोर्ट आणि ई. कोलायची भावकी

मागच्या वेळी ज्या गोळीने उन्हाळी थांबली, तीच गोळी या युरिन कल्चरच्या, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर 'आर' म्हणजे रेझिस्टंट (जंतू तिला दाद देत नाही) दिसते. "जंतू तर तोच आहे, ई. कोलाय. मग असं कसं?" आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो. ई. कोलाय हे फक्त आडनाव आहे. त्या आडनावाची शेकडो घराणी आहेत, आणि रिपोर्टवर घराणे छापलेले नसते.

साध्या मूत्रसंसर्गात चारपैकी सुमारे तीन वेळा ई. कोलायच सापडतो. त्याचे घराणे ओळखायला सात ठरलेल्या जनुकांचे तुकडे वाचतात आणि त्यांच्या जुळणीवरून एसटी (सिक्वेन्स टाइप) क्रमांक देतात. एसटी-७३ आणि एसटी-९५ मूत्रमार्गाला घट्ट चिकटतात, पण बऱ्याच औषधांना अजून दाद देतात. २००८ मध्ये जगाच्या लक्षात आलेले एसटी-१३१ मात्र चिवट आहे. त्यातही सगळे सारखे नाहीत: एका शाखेवर सिप्रोफ्लॉक्सासिन सहसा चालत नाही, तर त्याच घराण्याच्या जुन्या शाखांवर बहुधा चालते.

याचे कारण प्रतिकार येण्याच्या वाटांमध्ये आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणे बहुतेकदा जंतूच्या स्वतःच्या जनुकांतल्या बदलांमुळे येते आणि पुढच्या पिढ्यांत वारशाने जाते. सेफिक्सिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांना निकामी करणारे ईएसबीएल विकर (सीटीएक्स-एम-१५ हे त्यातले भारतातल्या जंतूंत प्रथम वर्णन झालेले) बरेचदा उसनवारीचे असते. त्याचे जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसून शेजारच्या जंतूकडे जाते, अगदी ई. कोलायकडून क्लेब्सिएला या वेगळ्याच जंतूकडेसुद्धा. त्यामुळे सख्ख्या भावंडांपैकी एक 'आर' आणि दुसरे 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषधाला दाद देणारे) निघू शकते, आणि काहीच नाते नसलेल्या दोन जंतूंची 'आर'ची यादी हुबेहूब जुळू शकते. म्हणून दोन रिपोर्ट शेजारी ठेवून "जंतू तोच आहे" किंवा "नवा आहे" असे ठरवू नका. घरात उरलेली जुनी गोळीही सुरू करू नका.

प्लेटवर हे प्रत्यक्ष दिसते. आम्ही १ मायक्रोलिटरच्या लूपने (तारेच्या बारीक कड्याने) लघवी जंतू वाढवायच्या प्लेटवर ओढतो आणि ती ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवतो. १०० कॉलनी (जंतूंचे ठिपके) उगवल्या तर मिलिलिटरमागे १ लाख जंतू. कधी पिवळ्या कॉलनींमध्ये दोन तऱ्हा असतात, एक मोठी आणि पसरट, दुसरी बारीक. एकच उचलली तर दुसरीचा प्रतिकार रिपोर्टमधून निसटतो, म्हणून दोन्हींची सेन्सिटिव्हिटी (कोणते औषध चालते याची तपासणी) वेगळी लावतो. तीन किंवा जास्त तऱ्हा दिसल्या तर नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळल्याची शक्यता मोठी, तेव्हा नमुना पुन्हा मागवतो. ईएसबीएलसाठी सेफ्टाझिडीम या प्रतिजैविकाची साधी चकती आणि ईएसबीएलला रोखणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घातलेली चकती शेजारी ठेवतो. दुसरीभोवतीचे मोकळे वर्तुळ ५ मिलिमीटर किंवा अधिक मोठे आले, तर ईएसबीएल आहे.

अशा जंतूंवरही नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन पुष्कळदा 'एस' येतात. पण ताप, थंडी, कुशीत दुखणे असेल तर 'एस' पाहून नायट्रोफ्युरँटॉइनवर विसंबू नये. ते लघवीत साठते, किडनीच्या पेशींत पुरेसे पोचत नाही.

नात्याची तपासणी केव्हा?

साध्या, पहिल्यांदाच झालेल्या त्रासात तिची गरज नाही, उगीच खर्च होतो. औषध पूर्ण होऊन दोन आठवड्यांच्या आत त्रास परतला तर मात्र ती उपयोगी पडते. तोच जंतू परतला असेल तर खडा, प्रोस्टेट किंवा कॅथेटरमध्ये तो दडून बसला आहे का, हे डॉक्टर शोधतात. वेगळा निघाला तर संसर्ग नव्याने झाला. यासाठी दोन्ही वेळच्या जंतूंची संपूर्ण जनुकीय लिपी, सुमारे ५० लाख अक्षरे, ताडून पाहतात. मोजक्या अक्षरांचा फरक म्हणजे वाण तोच, हजारोंचा फरक म्हणजे परका. हे काम आम्ही मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवतो. मात्र पहिला जंतू हाताशी असावा लागतो. प्लेट फार दिवस टिकत नाही, तो ग्लिसरॉलमध्ये गोठवावा लागतो. वारंवार त्रास होत असेल तर "जंतू जपून ठेवा" असे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर आधीच लिहून घ्या.

नमुना देताना

प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या. जागा साध्या पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडा, मधली निर्जंतुक डबीत घ्या आणि झाकणाच्या आत बोट लावू नका. डबी २ तासांत पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा, फार तर २४ तास. उन्हात गाडीत राहिलेल्या डबीत जंतू अर्ध्या तासाला दुप्पट झाले तर ४०० चे ४ तासांत लाखावर जातात, आणि नसलेला संसर्ग रिपोर्टवर दिसतो.

गेल्या ३ महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके, गरोदरपण, कॅथेटर यांची नोंद फॉर्मवर करा आणि जुने रिपोर्ट सोबत आणा. कोणता जंतू आहे ते बहुधा दुसऱ्या दिवशी कळते, सेन्सिटिव्हिटी तिसऱ्या दिवशी.