आरओच्या बारक्या पाईपला बूच मारण्याआधी हे वाचा

मशीन बसवून आम्ही निघालो की दोन दिवसांत फोन येतोच, 'अहो ह्या बारक्या पाईपातून पाणी सारखं वाया जातंय, बूच मारून टाकू का?' नका मारू. का नको, ते सांगायलाच हा कागद.

काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तो ऑस्मोसिस. पाणी आपणहून जिकडे क्षार जास्त तिकडे ओढलं जातं. आरओत आपण त्याला उलटं जायला लावतो, म्हणजे क्षारवाल्या बाजूला पंपाने दाब द्यायचा (घरच्या मशीनला साधारण ६० ते ८० पीएसआय) आणि पाणी मेम्ब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्यातून) पलीकडे ढकलायचं, म्हणून आरओ, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस. पंप थकला की पाणी कमी येतं आणि वर टीडीएसही (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) वाढतो, लोक मात्र मेम्ब्रेनला शिव्या देतात.

मेम्ब्रेनला सगळे चाळणी म्हणतात, आम्हीपण म्हणतो, पण चाळणीत अडकलेलं तिथंच बसतं आणि आपण ती झटकतो, मेम्ब्रेन काही उघडून झटकता येत नाही. अडवलेले क्षार पाण्यासोबतच बाहेर काढावे लागतात आणि तेच काम तो बारका पाईप करतो. हिशोब बघा. नळाचा टीडीएस ८००, चार लिटर पाणी आत गेलं, त्यातलं एक लिटर ६० टीडीएसचं होऊन टाकीत आलं, तर उरलेल्या तीन लिटरचा होतो साधारण १०५०. आता पाईप दाबून तीन लिटर प्यायचं काढायला गेलात, तर सगळे क्षार उरलेल्या एका लिटरात कोंबले जाणार, ३००० च्या वर! मग पाणी तापवायच्या भांड्याला धरतो तसा पांढरा थर मेम्ब्रेनवर धरतो आणि दोन-तीन वर्षं चालणारं मेम्ब्रेन काही महिन्यांत जातं.

बारक्या पाईपातलं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला, संडासात ओतायला चालतं. झाडांना रोज नको, मातीत क्षार साचतात.

कार्बन फिल्टर फक्त वासासाठी असतो असं खूप जणांना वाटतं, म्हणून बदलायचं पुढे ढकलतात. पण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेम्ब्रेनचा पॉलिअमाइडचा थर खातं आणि मेम्ब्रेनच्या आधी त्याला थांबवणारा तोच एक. सेडिमेंटचा फिल्टर गाळासाठी, तो काळवंडला की कळतंच.

टीडीएस मीटरबद्दल एक. तो पाण्यात वीज किती वाहते त्यावरून अंदाज सांगतो, जंतू त्याला दिसत नाहीत. आणि रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी चालू केल्या केल्या मोजू नका, बंद असताना थोडे क्षार पलीकडे झिरपतात आणि पहिलं पाणी जास्त दाखवतं. दहा मिनिटं चालू द्या, मग टाकीत पडणारं पाणी मोजा.

(खरं सांगायचं तर नळालाच टीडीएस दीडशे-दोनशे असेल आणि लॅबच्या तपासणीत फ्लोराईड, आर्सेनिक, नायट्रेट असलं काही निघालं नसेल, तर आरओ घेऊच नका, साधं यूव्ही (किरणांनी जंतू मारणारं मशीन) पुरतं. आमचं एक मशीन कमी खपेल, चालेल.)

बूच आधीच मारलं असेल तर काढा, टाकी रिकामी करा, नळाचा आणि मशीनचा असे दोन्ही टीडीएस लिहून घ्या आणि फोन करा, ओरडणार नाही.