हेवी मेटल

हेवी मेटल : रॉक संगीताची एक शाखा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत ती आकाराला आली. मुद्दाम फाटेपर्यंत वाढवलेला विद्युत गिटारचा दाट नाद, पुनःपुन्हा येणारी ठसठशीत स्वरावली (वादक तिला रिफ म्हणतात), जड ठेक्याचे ड्रम आणि या साऱ्यावर मात करू पाहणारा गळा, ही तिची ओळख. रसिकांच्या बोलण्यात नुसते ‘मेटल’ म्हटले जाते.

नावाच्या उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकन कादंबरीकार विल्यम बरोज यांच्या १९६० च्या दशकारंभीच्या लेखनात ‘हेवी मेटल किड’ हे पात्र येते आणि संज्ञा तेथूनच संगीतात आली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. तेथून संगीतापर्यंतचा दुवा पक्का जोडता येत नाही. स्टेपनवुल्फ या बँडच्या १९६८ मधील ‘बॉर्न टु बी वाइल्ड’ या गाण्यात हे दोन शब्द आहेत, पण ते मोटारसायकलच्या गडगडाटाला उद्देशून. समीक्षक माइक साँडर्स यांनी १९७० मध्ये हम्बल पाय या बँडविषयी हे शब्द नापसंतीने वापरले आणि १९७१ मध्ये सर लॉर्ड बाल्टिमोर या बँडविषयी कौतुकाने. एका शैलीचे नाव म्हणून आजचा अर्थ या दुसऱ्या वापरात दिसू लागतो, म्हणून तो अधिक महत्त्वाचा धरावा.

पहिला मेटल बँड कोणता, यावरही वाद आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लू चीअरने १९६८ च्या आरंभीच आवाजाची कमाल मर्यादा गाठली होती. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम १९६९ चा, तर डीप पर्पलचा ‘इन रॉक’ १९७० च्या मध्याचा. या तिन्ही बँडचे ऋण मान्य करूनही बहुतेक अभ्यासकांचा कल बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथकडे आहे आणि तो योग्य वाटतो. १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्येही ब्लूजच्या (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गीतशैलीच्या) खुणा आहेत. पण बँडच्याच नावाच्या पहिल्या गाण्यात ब्लूजची चौकट सुटलेली स्पष्ट ऐकू येते. वेगळेपण मोठ्या आवाजात नव्हते, स्वरांच्या निवडीत होते.

त्या गाण्याचा रिफ जेमतेम तीन स्वरांचा आहे. मंद्र षड्ज, त्याच्या वरचा षड्ज आणि तेथून उतरून कंपित तीव्र मध्यम. षड्ज व तीव्र मध्यम यांच्यातले सहा अर्धस्वरांचे अंतर पाश्चात्त्य संगीतात ‘सैतानी स्वरांतर’ म्हणून ओळखले जाते. मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही लोकप्रिय कथा पुराव्यावर टिकत नाही; ते नाव लेखी स्वरूपात अठराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास आढळते. यमन ऐकणाऱ्या कानाला तीव्र मध्यम प्रसन्न वाटतो, कारण तेथे तो पंचमाकडे झेपावतो. येथे पंचम येतच नाही, स्वर अधांतरी लटकत राहतो. बेसवादक गीझर बटलर यांना गुस्टाव होल्स्ट यांची मंगळ ग्रहावरील वाद्यवृंदरचना फार आवडे आणि या रिफचे मूळ त्या रचनेत असल्याचे सांगितले जाते.

हा रिफ वाजवणारे टोनी आयोमी डावखुरे. १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. डावखुऱ्या वादकाच्या तारा दाबणारा हात तोच. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले आणि गिटारला बॅन्जोच्या पातळ तारा चढवल्या. तारा सैल सोडून गिटार खाली लावण्याची पद्धतही या दुखापतीतूनच आली, असे सरसकट सांगितले जाते. त्याला एक दुरुस्ती हवी. पहिला अल्बम नेहमीच्याच स्वरात आहे. तीन अर्धस्वर खाली लावलेली गिटार १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये ऐकू येते. बोटांची सोय आणि नादाचा भार ही दोन्ही कारणे तेथे एकत्र आली असावीत. पुढे अनेक मेटल बँडनी गिटार खाली उतरवली.

मेटलचा पाया असलेली ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे षड्ज आणि पंचम एकत्र, गंधार वगळलेला. हे वगळणे आवडीपुरते नाही. गिटारच्या समान अर्धस्वरांच्या सप्तकात शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. साध्या नादात ते खपते, फाटलेल्या नादात त्याचा चिखल होतो. पंचमाची चूक अवघी दोन सेंट. शिवाय फाटलेल्या नादात दोन स्वरांच्या कंप्रतांच्या फरकाइतका तिसरा स्वर उमटतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्‌झची, तिचा पंचम सुमारे १२३ हर्ट्‌झचा. फरक ४१ हर्ट्‌झ, म्हणजे मूळ षड्जाखालचा खर्ज. गिटारवर जो स्वर नाहीच, तो श्रोत्याच्या छातीत घुमतो. मेटलचे ‘वजन’ म्हणतात ते मुख्यतः हेच.

पुढील वाटचाल ठोकळमानाने अशी. बर्मिंगहॅमच्याच जूडस प्रीस्टने जोडगिटारीची रचना पक्की केली आणि चामड्याचा खिळेबंद पोशाख रूढ केला. १९७९ मध्ये ‘साउंड्स’ या नियतकालिकाने ब्रिटिश मेटलच्या नव्या लाटेला नाव दिले. आयर्न मेडन हा तिच्यातला सर्वांत टिकाऊ बँड. कॅलिफोर्नियात मेटॅलिका व स्लेयर यांनी तिला पंक संगीताचा वेग जोडला आणि थ्रॅश ही उपशैली निघाली. जर्मनीत रूर या कोळसापट्ट्यातील क्रिएटर व सोडम यांनी थ्रॅश अधिक खरखरीत केला. घशातून गुरगुरणाऱ्या गायनाचा डेथ मेटल फ्लॉरिडात वाढला. स्टॉकहोममध्ये त्याला करवतीसारखा नाद मिळाला. एंटूम्ड व इतरांनी एका स्वस्त जपानी पेडलची (गिटारचा नाद बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या उपकरणाची) सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवली, हे त्याचे रहस्य. स्वीडनमधल्याच गॉथनबर्गच्या बँडनी त्याच शैलीत सुरेल गिटार आणली. नॉर्वेतील ब्लॅक मेटलविषयी १९९२ पासूनची चर्चची जाळपोळ आणि १९९३ मध्ये मेहेम बँडच्या गिटारवादकाचा झालेला खून यांवरच अतोनात लिहिले गेले. त्या गुन्ह्यांना क्षमा नाही. पण थंड, विरळ, सतत थरथरत्या गिटारीची ही शैली त्यांच्याखाली झाकली गेली, हेही नोंदवले पाहिजे.

युरोप-अमेरिकेबाहेर मेटल नक्कल म्हणून पोहोचला, पण नक्कल म्हणून राहिला नाही. ब्राझीलमधील बेलो ओरिझोंची येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सेपुल्तुराने १९९६ च्या ‘रूट्स’मध्ये शावान्ते आदिवासींचे गायन व ब्राझिलियन तालवाद्ये घेतली. जपानचा लाउडनेस १९८१ चा. मंगोलियाचा द हू हा बँड अश्वमुखी सारंगीसारखे मोरिन खूर आणि कंठगायन वापरतो. न्यूझीलंडच्या एलियन वेपनरीची अनेक गाणी माओरी भाषेत आहेत. पश्चिम जावातील गारुत येथील व्हॉइस ऑफ बाचेप्रोत हा हिजाब घालणाऱ्या तीन तरुणींचा बँड. ‘बाचेप्रोत’ म्हणजे सुंदानी भाषेत गोंगाट. ट्युनिशियाच्या मिराथने अरबी स्वरवळणे आणली. बोट्स्वानात चामडी पोशाखातील रसिकांची मोठी परंपरा आहे, परंतु आफ्रिकेतील मेटलवर लेखन तुरळकच.

भारतात मुंबई व बंगळूर ही प्रमुख केंद्रे. मुंबईत १९८६ पासून सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ने धोबी तलावाच्या रंगभवनात रॉक व मेटलचा श्रोता घडवला, पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे त्या खुल्या रंगमंचावरील अशा मैफली थांबल्या. आयर्न मेडनचा भारतातील पहिला कार्यक्रम मार्च २००७ मध्ये बंगळूरला झाला, मुंबईचा फेब्रुवारी २००८ मध्ये. दिल्लीच्या ब्लडीवुडने ढोल व हिंदी-पंजाबी शब्द घेऊन परदेशी महोत्सव गाठले. मुंबईत भयानक मौत, स्क्राइब आणि साहिल मखीजा यांनी २००० मध्ये स्थापलेला डिमॉनिक रिझरेक्शन हे बँड उल्लेखनीय. यांपैकी शेवटच्याचा २०१७ मधील ‘दशावतार’ हा अल्बम मत्स्यापासून कल्कीपर्यंत अवतारागणिक एक अशा दहा गाण्यांचा आहे.