परवान्याच्या आतला गुन्हा

२०१८ च्या मे महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातून, वातावरणाचे मोजमाप करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या हाती नकळत एका गुन्ह्याचा माग लागला असल्याचे उघड झाले. विषय होता सीएफसी-११ या वायूचा. इमारतींत आणि शीतकपाटांत उष्णतारोधक म्हणून वापरला जाणारा फोम फुगवण्यासाठी हा वायू एके काळी सर्रास वापरत. तो ओझोनचा थर विरळ करतो, शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पाच हजार पट तापमानवाढ घडवतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे २०१० पासून त्याचे उत्पादन जगभर थांबलेले असणे अपेक्षित होते, आणि त्यामुळे हवेतील त्याचे प्रमाण दरवर्षी ठरावीक गतीने घटत जायला हवे होते. प्रत्यक्षात २०१२ नंतर घटीचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला होता. जुन्या इमारती पाडल्यामुळे किंवा जुनी शीतकपाटे भंगारात गेल्यामुळे इतका वायू बाहेर पडणे शक्य नव्हते. कोणीतरी तो नव्याने तयार करत होते.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील गोसान आणि जपानच्या हातेरुमा बेटावरील केंद्रांच्या नोंदी तपासल्या. कोणत्या दिवशी वारा कोणत्या दिशेने आला आणि त्या दिवशी वायूचे प्रमाण किती वाढले, याची सांगड संगणकीय प्रारूपांनी घातल्यावर बोट पूर्व चीनकडे, प्रामुख्याने शानदोंग आणि हबेई या प्रांतांकडे वळले. जागतिक वाढीचा किमान ४० ते ६० टक्के वाटा तेथून येत होता. दरम्यान एका पर्यावरणविषयक तपाससंस्थेने तेथील फोम कारखान्यांशी संपर्क साधला, तेव्हा बंदी घातलेला माल स्वस्त पडतो आणि त्याचा फोम चांगला होतो, असे खुद्द व्यावसायिकांनीच सांगितले. चिनी सरकारने कारवाई केली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनी उत्सर्जन पुन्हा खाली आल्याचे दाखवले.

गुन्हा, सुगावा, माग, छापा आणि परिणाम असा सगळा क्रम या प्रकरणात जुळून आला, कारण आंतरराष्ट्रीय कराराने त्या वायूचे उत्पादन आधीच निषिद्ध ठरवले होते. हवेच्या त्याच नमुन्यात कार्बन डायऑक्साइडही असतो, त्याची मोजणी तर १९५८ पासून अखंड चालू आहे, त्याने होणारे नुकसानही कितीतरी मोठे आहे. पण त्याच्या वाढीमागे कोणाचा गुन्हा आहे असे कोणताही तपास अधिकारी विचारत नाही. कोळसा काढण्याचा पट्टा असतो, वीजकेंद्राला मंजुरी असते, मोटारीची नोंदणी झालेली असते. गुन्हेशास्त्राची ‘हरित’ म्हणून ओळखली जाणारी शाखा नेमक्या या फरकावर उभी आहे.

या शाखेला ते नाव अमेरिकी अभ्यासक मायकेल लिंच यांनी १९९० मध्ये दिले, पण तिची मुळे अर्धशतकाने जुनी आहेत. एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञांसमोर अध्यक्षीय भाषण करताना पांढरपेशा गुन्हेगारीची, म्हणजे प्रतिष्ठित आणि सुस्थितीतल्या लोकांनी आपल्या व्यवसायात केलेल्या गुन्ह्यांची, कल्पना मांडली. गुन्हेगार म्हणजे गरीब वस्तीतला, शाळा सुटलेला, मोडक्या कुटुंबातला माणूस, हे तोवरचे गृहीतक तुरुंगातील माणसे मोजून तयार झाले होते; आणि तुरुंगात कोणाला पाठवले जाते, हा प्रश्न त्या मोजणीत नव्हताच. सदरलँड यांनी अमेरिकेतील ७० मोठ्या कंपन्यांविरुद्ध गेलेले न्यायालयांचे आणि प्रशासकीय मंडळांचे निर्णय एकत्र केले, तेव्हा त्यांची संख्या ९८० भरली. १९४९ मध्ये हे संशोधन पुस्तकरूपाने आले, पण खटल्याच्या भीतीने प्रकाशकाने कंपन्यांची नावे गाळायला लावली आणि नावांसह आवृत्ती निघायला १९८३ साल उजाडले. नावे गाळण्याची ही घटनाच त्या पुस्तकातील प्रतिपादनाला मिळालेला भक्कम पुरावा म्हणावा लागेल.

सदरलँड यांना विरोधही तितकाच नेमका झाला. पॉल टॅपन हे कायदा आणि समाजशास्त्र या दोहोंचे जाणकार; त्यांनी १९४७ मध्ये असे म्हणणे मांडले की न्यायालयाने दोषी ठरवल्याशिवाय कोणाला गुन्हेगार म्हणणे म्हणजे अभ्यासकाने आपली नापसंती शास्त्राच्या नावाखाली खपवणे होय. हा आक्षेप आजही पूर्णपणे निकाली निघालेला आहे असे मला वाटत नाही. जे जे अपायकारक ते ते गुन्ह्यात मोडते असे म्हटले, तर शेतात पाचट जाळणारा शेतकरी आणि समुद्रात तेल सोडणारी कंपनी एकाच रांगेत उभी राहते आणि शास्त्राची धार बोथट होते. हरित गुन्हेशास्त्रातील बहुतेक अभ्यासक म्हणूनच वेगळी वाट घेतात: ते आधी नुकसान मोजतात, आणि मग त्यातले कोणते नुकसान कायद्याने गुन्हा ठरवले, कोणते केवळ दंडावर सोडले आणि कोणते परवाना देऊन मान्य केले, याचा शोध घेतात.

गोव्यातील लोहखनिजाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पोर्तुगीज काळात दिलेल्या खाणींच्या सवलतींचे १९८७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत रूपांतर झाले, त्यांचे नूतनीकरण वीस वर्षांसाठी झाले, आणि पुढे खाणकाम चालूच राहिले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये समोर आल्यावर खाणी थांबल्या, आणि २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती आणि त्यानंतरचे उत्खनन बेकायदेशीर होते. कायद्याच्या भाषेत हा निर्णय अगदी रास्त आहे. पण साखळी, डिचोली, सांगे या भागांत राहणाऱ्याने त्याकडे पाहिले तर त्याला काय दिसते? २१ नोव्हेंबर २००७ रोजी खाणीतून उपसलेली माती ज्या शेतात वाहून आली, त्याच शेतात २३ तारखेचीही आली. ट्रकांची धूळ तीच, कोरड्या पडलेल्या विहिरी त्याच, नदीत साचणारा गाळही तोच. पहिल्या दिवशीचे नुकसान व्यवसायात जमा झाले आणि तिसऱ्या दिवशीचे बेकायदेशीर ठरले. आधीच्या वर्षांत खाणीमुळे जे गेले त्याची भरपाई मागायची तर कोणत्या नावाने मागायची, याचे उत्तर मुदतीवर आधारलेल्या निकालातून मिळणे शक्य नव्हते.

हवामानबदलाच्या बाबतीत नुकसान आणि करणारा यांच्यातील अंतर इतके मोठे आहे की जबाबदारी हवेत विरून जाते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. रिचर्ड हीडे यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे १७५१ ते २०१० या काळातील औद्योगिक कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनच्या उत्सर्जनापैकी ६३ टक्के उत्सर्जनाचा माग केवळ ९० उत्पादकांपर्यंत नेता येतो. त्यांत तेल, कोळसा आणि सिमेंटच्या कंपन्या आहेत, सरकारी उपक्रम आहेत, आपली कोल इंडियाही आहे. जाळणारे आपण सगळे, हे मान्य करूनही काढणारे आणि विकणारे मोजके आहेत, ही गोष्ट उरतेच.

मात्र केवळ उत्पादन केले म्हणून कोणाचे मन दोषी ठरत नाही, आणि फौजदारी कायद्यात मनाला, म्हणजे जाणीव आणि हेतूला, फार महत्त्व असते. येथे एक्सॉन या अमेरिकी तेलकंपनीचे कागद उपयोगी पडतात. कंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्ये वरिष्ठ व्यवस्थापनाला कार्बन डायऑक्साइडमुळे होणाऱ्या तापमानवाढीची कल्पना दिली होती. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात वर्तवलेली भाकिते २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील अभ्यासात प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिली गेली, तेव्हा त्यांपैकी ६३ ते ८३ टक्के अचूक निघाली. दर दशकाला साधारण ०.२ अंश सेल्सिअस वाढ होईल, असा त्यांचा सरासरी अंदाज होता आणि तेवढीच वाढ झाली. याच काळात कंपनी जाहिरातवजा लेखांतून हे विज्ञान अजून अनिश्चित असल्याचे लोकांना सांगत होती. दिशाभूल केल्याचा आरोप कंपनी फेटाळते. न्यायालये काय ठरवतील ते ठरवोत. गुन्हेशास्त्राला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने.

ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड माट्झा यांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारांच्या बोलण्याचा विचार करून एक साधी गोष्ट नोंदवली होती: चोरी-मारामारी करणारी मुले समाजाचे नियम नाकारत नाहीत, ती फक्त या वेळेपुरते आपल्याला नियम का लागू नाहीत हे स्वतःला समजावतात. माझा दोष नाही, कोणाचे काही बिघडले नाही, ज्याचे बिघडले तो त्याच लायकीचा होता, बोट दाखवणारे तरी कुठे स्वच्छ आहेत, आणि मी हे आपल्या माणसांसाठी केले, अशी ती पाच समर्थने. आता हवामानपरिषदांतील निवेदने आणि कंपन्यांची पत्रके या यादीशेजारी ठेवून पाहावीत. आमचा वाटा जागतिक उत्सर्जनात नगण्य आहे. हवामान पूर्वीही बदलतच आले आहे. किनाऱ्यावर वस्ती केली ती त्यांनी. चळवळवाले स्वतः विमानाने फिरतात. आणि रोजगार व विकास यांच्यासाठी हे करावेच लागते. यातील काही विधाने तपशिलात खरीही असतात, विशेषतः गरीब देशांच्या तोंडची. तरीही सुरतमध्ये, ह्यूस्टनमध्ये किंवा शांघायमध्ये बसलेल्या सुशिक्षित, सभ्य, आपल्या मुलांवर प्रेम करणाऱ्या माणसाला रोज सकाळी नेमके तेच काम करायला जाणे कशामुळे शक्य होते, याचे स्पष्टीकरण मला या जुन्या, रस्त्यावरच्या पोरांसाठी तयार केलेल्या यादीइतके चांगले दुसरीकडे आढळलेले नाही.

तापमान वाढले की गुन्हे वाढतात का, हा प्रश्न वर्तमानपत्रांना अधिक आवडतो. संबंध आहे, हे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या आकडेवारीवरून बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनीच दाखवले होते: उन्हाळ्यात माणसांवरचे हल्ले जास्त, हिवाळ्यात मालमत्तेचे गुन्हे जास्त. उकाड्याने माणूस चिडतो की उन्हाळ्यात लोक अधिक वेळ घराबाहेर असल्याने गाठ पडण्याची शक्यता वाढते, यावर मतभेद आहेत. हे संशोधन आवश्यक असले तरी त्यातून एक गैरसमज पसरू शकतो. हवामानबदल आणि गुन्हा यांचा संबंध म्हणजे उकाड्याने बेभान झालेला गरीब माणूस, असे चित्र तयार होते आणि आपण पुन्हा सदरलँड यांच्या आधीच्या काळात जाऊन पोहोचतो.

महाराष्ट्राच्या कायद्यातच याचे उदाहरण आहे. नदीपात्रातून चोरून वाळू उपसणाऱ्यांविरुद्ध १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे ‘एमपीडीए’ म्हणतात त्यात, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या जोडीला ‘वाळूतस्कर’ हा वर्ग पुढे घालण्यात आला. या कायद्याखाली खटला न चालवता बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. वाळूमाफियांनी तलाठ्यांवर, तहसीलदारांवर केलेले हल्ले पाहता या कठोरपणाला कारण नाही असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच वेळी देशाच्या पातळीवर काय झाले तेही पाहावे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर दीड वर्षाच्या आत केलेल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला, जो न्यायालयाऐवजी नेमलेला अधिकारी ठरवतो. दंड भरला नाही तर मात्र कैदेचा मार्ग उघडा ठेवला आहे. खटले वर्षानुवर्षे रेंगाळत आणि शिक्षा क्वचितच होई, हे सरकारचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. ज्या भोपाळमुळे तो कायदा आला, त्या प्रकरणात तरी कैद किती झाली? जून २०१० मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि त्यांना लगेच जामीनही मिळाला. तरीही ट्रॅक्टरचा चालक स्थानबद्ध होऊ शकतो आणि सांडपाणी सोडणारा कारखाना दंड भरून मोकळा होऊ शकतो, ही विभागणी नुकसानाच्या मापाने झालेली नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ही विभागणी बदलण्याचा एक प्रयत्न चालू आहे. निसर्गाच्या प्रचंड विध्वंसाला नरसंहाराच्या पंक्तीला बसवून त्याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अखत्यारीत आणावे, अशी ही मागणी असून २०२१ च्या जूनमध्ये कायदेतज्ज्ञांच्या एका स्वतंत्र समितीने त्यासाठी व्याख्या तयार केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआ या पॅसिफिकमधील तीन द्वीपराष्ट्रांनी तसा औपचारिक प्रस्ताव दिला. समुद्राची पातळी वाढल्याने ज्यांच्या जमिनीवरच घाला येतो आहे, त्यांनी पुढाकार घ्यावा हे स्वाभाविक आहे. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वानुआतूच्याच पुढाकाराने मागितलेल्या सल्ल्यात हवामानाचे रक्षण हे राज्यांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे सांगितले, पण तो प्रश्न राज्यांच्या जबाबदारीचा होता, व्यक्तींच्या गुन्ह्याचा नव्हे. फौजदारी प्रस्ताव याहून अवघड आहे. समितीच्या व्याख्येप्रमाणे कृत्य एकतर बेकायदेशीर असावे लागते, किंवा अपेक्षित सामाजिक आणि आर्थिक लाभांच्या तुलनेत उघडपणे अवाजवी ठरेल अशा नुकसानाकडे बेपर्वाईने दुर्लक्ष करून केलेले असावे लागते. परवाना असलेल्या कृत्यालाही हात घालता यावा म्हणून हा दुसरा पर्याय ठेवला आहे. पण त्यामुळे न्यायाधीशाला एका पारड्यात किनारे आणि दुसऱ्या पारड्यात वीज, पोलाद आणि नोकऱ्या ठेवून तोल पाहावा लागेल, आणि लाभाचे आकडे बहुतेक वेळा आरोपीच्याच दप्तरातून येतील. प्रस्ताव स्वीकारला जाण्यासाठी सदस्य राष्ट्रांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. चीन, अमेरिका आणि भारत या सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या तीन देशांपैकी एकही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही.