चार डोक्यांतला एक पेशंट
वयस्कर पेशंट सकाळी पलंगावरून उठला की त्याला गरगरतं. फिजिओथेरपिस्टला हे माहीत आहे, कारण त्याला चालवायला तीच नेते. रात्री तो दोनदा लघवीला उठतो, हे नर्सनं पाहिलंय. रक्तदाबाच्या गोळीचा डोस परवाच वाढलाय आणि झोपेची गोळीही चालू आहे, हे फार्मासिस्टच्या लक्षात आलंय. डॉक्टरांपुढे रक्ताचे रिपोर्ट आहेत, ते नॉर्मल आहेत. चौघांनीही आपापलं काम नीट केलंय. तरी हा माणूस आज रात्री अंधारात पडून खुब्याचं हाड मोडून घेऊ शकतो. चौघांकडच्या माहितीची एकमेकींशी गाठच पडली नाही, एवढंच त्याचं कारण.

ही गाठ कामावर लागल्यावर आपोआप पडेल, असं फार काळ गृहीत धरलं गेलं. विद्यार्थी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वर्गांत शिकतात आणि खऱ्या अर्थानं भेटतात ते थेट ड्यूटीवर, घाईगर्दीत. तोवर ‘ते लोक असेच असतात’ हे समज घट्ट झालेले असतात.

यावरचा उपाय म्हणजे आंतरव्यावसायिक शिक्षण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१०च्या आराखड्यानुसार, दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, तेव्हा ते आंतरव्यावसायिक शिक्षण. यातला ‘कडून’ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सगळ्यांना एका सभागृहात बसवून शरीररचनेचं व्याख्यान दिलं, तर बाकं तेवढी एक होतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्येच मांडलं होतं की, नुसत्या सहवासानं पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांच्या मदतीनं करायचं काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा हे सगळं लागतं.

स्वीडनमधल्या लिनशॉपिंगमध्ये १९९६ साली हे प्रत्यक्ष वॉर्डात आणलं गेलं. तिथं वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी मिळून खऱ्या पेशंटची काळजी घेऊ लागले. अनुभवी मंडळी लक्ष ठेवून असत, पण योजना विद्यार्थ्यांनीच आखायची. अशा वॉर्डात भावी डॉक्टरही पेशंटला अंघोळ घालायला, कूस बदलायला हात लावतो. त्या अर्ध्या तासात नर्सिंगबद्दल त्याला जे कळतं, ते सांगून कळणारं नाही.

दुसरा धडा बोलण्याचा, आणि तो जास्त अवघड. १९७७मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोन विमानं धडकून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं आहे ना, ही शंका फ्लाइट इंजिनिअरनं बोलून दाखवली होती; कॅप्टननं ती बाजूला सारली. अशा अपघातांनंतर विमानसेवांनी वरिष्ठांना ऐकायला आणि कनिष्ठांना बोलायला शिकवणं सुरू केलं. वैद्यकानं ते प्रशिक्षण तिथून घेतलं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून तर निरोपाची एक चौकटच आली: आत्ता काय घडतंय, मागचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. यातलं तिसरं वाक्य नवख्या नर्सच्या घशात अडकतं. डॉक्टरला ‘मला काय वाटतं’ हे सांगायची सवय तिला कुणी लावलेलीच नसते, म्हणून नकली पेशंटवर त्याचा पुन्हा पुन्हा सराव करून घेतात.

टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा: तिथं चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या मोकळेपणानं सांगत होते.

या शिक्षणानं पेशंटचं भलं होतं का? उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात निकषांत बसणारे १५ अभ्यास सापडले. त्यांपैकी ७ अभ्यासांत फायदा दिसला, पण ते इतके वेगवेगळे होते की सरसकट निष्कर्ष काढता आला नाही. मला यात नवल वाटत नाही. आज शिकवलेल्याचं फळ काही वर्षांनी, दुसऱ्याच रुग्णालयात दिसणार. ते मोजायचं कसं?

तोवर बदलता येण्यासारखी गोष्ट म्हणजे परीक्षा. ती बहुतेक ठिकाणी एकेकट्याचीच असते. त्या गरगरणाऱ्या पेशंटसाठी चार शाखांच्या चार विद्यार्थ्यांना मिळून आज रात्रीची एकच योजना लिहायला सांगावी. गोळीबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारायचं की सकाळी, पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवायचं का, घंटा हाताशी आहे का, यावर ते वाद घालतील. परीक्षकानं तो वाद ऐकावा आणि गुण त्यालाच द्यावेत.